नवं जॅकेट आणि लहरी आभाळ: एका दिवसाच्या बाइक राइडची तयारी

सकाळी निघताना गारठा, दुपारी जॅकेटच्या आत घामाच्या धारा आणि परतीच्या वाटेवर पाऊस. असा दिवस समोर असताना नवीकोरी जॅकेट-पँट, नवे बूट आणि नवे ग्लव्ह्ज पहिल्यांदाच अंगावर चढवून थेट दोनशे-तीनशे किलोमीटरला निघालं, की दोन अनोळखी गोष्टी एकदम अंगावर येतात. हवा काय करेल हे कोणालाच ठाऊक नसतं आणि कपडे काय करतील हेही अजून कळलेलं नसतं. हवेचं आपल्या हातात काही नाही. कपड्यांचे गुणदोष मात्र घरबसल्या, राइडच्या चार-पाच दिवस आधी शोधून काढता येतात. म्हणून या लेखाचा मोठा भाग किल्ली फिरवण्याआधीचा आहे.

पाणी अडवणारा थर नेमका कुठे आहे?

‘वॉटरप्रूफ’ एवढंच वाचून थांबू नका. पाणी अडवणारा मेंब्रेन म्हणजे एक पातळ पडदा असतो आणि तो कुठे बसवला आहे यावर दिवसभराचं सगळं गणित ठरतं. रचना तीन प्रकारच्या असतात.

पहिल्या प्रकारात पडदा बाहेरच्या कापडालाच चिकटवलेला असतो, याला लॅमिनेटेड म्हणतात. पाणी वरूनच ओघळून जातं, कापड जड होत नाही आणि वाऱ्यासाठीच्या झिप, म्हणजे व्हेंट, उघडल्या की हवा थेट अंगाला लागते. हा प्रकार महाग असतो आणि कापड थोडं ताठ असतं.

दुसऱ्या प्रकारात पडदा बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये सुटा लोंबत असतो. तुम्ही कोरडे राहता, पण बाहेरचं कापड पाणी पिऊन घेतं. तासाभराच्या पावसानंतर जॅकेट जड होतं आणि त्या ओल्या कापडावरून वारा गेला की आत पाणी न शिरताही थंडी वाजते. शिवाय व्हेंट उघडून फारसा उपयोग नसतो, कारण हवा पडद्यापाशीच अडते.

तिसरा प्रकार म्हणजे आतून झिपने जोडायचं रेन लायनर. जाळीच्या जॅकेटांबरोबर बहुधा हेच मिळतं. उन्हात याच्याइतकं सुखाचं काही नाही, पण पाऊस आला की रस्त्याच्या कडेला जॅकेट उतरवून लायनर घालावं लागतं आणि बाहेरच्या खिशांतल्या वस्तू तरीही भिजतातच. ज्या दिवशी हवेचा भरवसा नाही त्या दिवशी अशा जॅकेटवर, लायनर बाजूला ठेवून, वरून घालायचा साधा रेनसूट जास्त कामाचा. तो दोन मिनिटांत चढतो आणि जॅकेटही कोरडं राहतं. रेनसूट मात्र फिकट किंवा भडक रंगाचा आणि चमकपट्ट्यांचा घ्या. काळा घेतलात तर जॅकेटवरच्या सगळ्या चमकपट्ट्या झाकल्या जातात, आणि तेही नेमक्या दिसेनाशा झालेल्या हवेत.

सुरक्षेचं लेबलही एकदा उलटून बघा. युरोपियन मानकाप्रमाणे जॅकेट-पँटवर ईएन १७०९२ आणि त्यापुढे एएए, एए किंवा ए ही श्रेणी असते. एएए सर्वात मजबूत, ए सर्वात हलकी. कोपर, खांदा आणि गुडघ्याच्या पॅडवर ईएन १६२१-१ आणि लेव्हल १ किंवा २ छापलेलं असतं. चाचणीच्या ठोक्यातलं सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंतचं बळ पलीकडे गेलं तर लेव्हल १, आणि २० पर्यंतच गेलं तर लेव्हल २. पाठीच्या पॅडचं मानक वेगळं, ईएन १६२१-२. अनेक जॅकेटांत पाठीला फक्त फोमचा तुकडा असतो आणि त्यावर कुठलाही आकडा नसतो. तो जागा भरण्यापुरता आहे असं समजा आणि त्याच मापाचा खरा पॅड बसवा.

मापं गाडीवर बसून

आरशासमोर उभं राहून झकास बसणारं जॅकेट गाडीवर वेगळंच वागतं. गाडी सेंटर स्टँडवर लावा. तो नसेल तर कोणाला तरी धरायला सांगा. आतले सगळे थर घालून, हेल्मेटसकट, हँडल धरून दहा मिनिटं बसा आणि एकेक गोष्ट तपासा.

कोपराचं पॅड हात पुढे केल्यावर कोपराच्या टोकावर यायला हवं. बाही मागे सरकते, त्यामुळे उभं असताना किंचित खाली वाटलेलं पॅड बसल्यावर बरोबर जागी येतं. गुडघ्याचंही तसंच आहे. पुष्कळ पँटमध्ये पॅडच्या खिशाला वर-खाली दोन-तीन जागा दिलेल्या असतात, त्या वापरा. मग बाहीवरचे पट्टे आवळून पॅड चिमटीत धरून फिरवून बघा. ते हाडावरून बाजूला घसरत असेल तर पडल्यावरही घसरेल. पण पट्टे उन्हाळी टी-शर्टवर आवळून ठरवू नका, कारण थंडीचा थर घातला की तेच पट्टे दंडाला काचतात.

मान दोन्ही खांद्यांवरून पूर्ण वळते का? उंच कॉलर आणि हेल्मेटची खालची कड एकमेकांत अडकणं ही नव्या जॅकेटची नेहमीची तक्रार. वळताना मागचं दिसत नसेल तर कॉलरचं बटण एक घर सैल करा. जॅकेट आणि पँट जोडणारी झिपही बसूनच लावून बघा, नाहीतर पुढे वाकल्यावर कमरेची एक पट्टी उघडी पडते आणि सगळी थंडी तिथूनच शिरते.

आता पाय. रायडिंग बुटाचा पुढचा भाग रोजच्या बुटापेक्षा जाड असतो. डावा पाय गिअर लिव्हरखाली सहज जात नसेल तर गिअर वर टाकताना पाय अख्खा उचलावा लागतो आणि तासाभरात घोटा भरून येतो. लिव्हरला जोडदांडी असेल तर तिच्या दोन्ही टोकांची लॉकनट सैल करा, दांडी फिरवून लिव्हर काही मिलिमीटर वर घ्या आणि नट पुन्हा आवळा. एका बाजूच्या नटचे आटे बहुधा उलटे असतात, जोर लावण्याआधी ते पाहा. दांडी नसेल तर लिव्हर दातेरी शाफ्टवर बसलेला असतो. खडूने खूण करा, बोल्ट पूर्ण काढा, लिव्हर बाहेर ओढून एकच दाता फिरवा आणि परत बसवा. एक दाता पुरेसा होतो.

उजव्या पायाची चूक जास्त घातक. जाड तळव्याचा बूट नकळत ब्रेकच्या पेडलवर टेकून राहतो, मागचा ब्रेक घासत राहतो, तापतो, आणि मागच्या वाहनाला तुमचा ब्रेकलाइट सतत पेटलेला दिसतो. अंधारात भिंतीकडे पाठ करून गाडी लावा, किल्ली चालू ठेवून नेहमीसारखे पाय ठेवून बसा आणि भिंतीवर ब्रेकलाइटचा भडक लाल उजेड पडतो का ते बघा. पडत असेल तर पेडल खाली घ्या. त्यानंतर ब्रेकलाइटचा स्विच आणि पेडलची मोकळी हालचाल मॅन्युअलप्रमाणे पुन्हा जुळवायलाच लागते. हे विसरलं की दिवा कायमचा पेटतो किंवा पेटतच नाही.

ग्लव्ह्ज नवे असताना तळवा ताठ असतो आणि ब्रेक लिव्हर लांब गेल्यासारखा वाटतो. लिव्हरला आकड्यांचं चाक असेल तर एक घर जवळ घ्या, पण पूर्ण दाबल्यावर लिव्हर बाकीच्या बोटांवर आदळत नाही ना ते बघा. मग न बघता, नुसत्या अंगठ्याने इंडिकेटर, हॉर्न, डिपर आणि किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) चालवून पाहा. हेच ग्लव्ह्ज घालून रोजच्या रस्त्यावर तीन-चार फेऱ्या मारल्या की चामडं मुठीच्या आकाराला येतं.

पाइपाखालची परीक्षा

ही चाचणी बहुतेक जण टाळतात आणि नेमकी हीच सगळ्यात जास्त शिकवते. आत राखाडी रंगाचा सुती टी-शर्ट आणि तशीच ट्रॅकपँट घाला, कारण राखाडी कापडावर ओला डाग लगेच गडद दिसतो. बाहेरच्या आणि आतल्या खिशांत आणि बुटांत टिश्यू पेपर ठेवा. सगळ्या झिप लावा आणि उभं न राहता स्टुलावर, पुढे हात करून, गाडीवर बसल्यासारखे बसा. दुसऱ्या कोणीतरी समोरून आणि जरा वरून दहा मिनिटं पाइपाने झारीसारखं पाणी सोडायचं.

बसायचं कारण असं, की बसल्यावर मांड्यांच्या बेचक्यात पाण्याचं तळं साठतं. धो-धो ओतलं तर कापड निभावून नेतं, पण तिथे साठून राहिलेलं पाणी शिवणीतून आणि झिपच्या खालच्या टोकातून मुकाट आत शिरतं. उभ्याने घेतलेल्या चाचणीत हे कधीच कळत नाही.

मग कपडे उतरवून डाग बघा. जांघेत, छातीच्या झिपच्या रेषेत, गळ्याशी किंवा मनगटाशी ठळक डाग म्हणजे गळती. आधी झिपवरचा फ्लॅप नीट दुमडला होता का, व्हेंट अर्धवट उघडा होता का, हे तपासा. निम्म्या गळत्या तिथेच सापडतात. उरलेली शिवणीतली गळती असेल तर कपडा बदलून घ्यायची वेळ हीच. पाठभर आणि हाताच्या आतल्या बाजूला सारखा ओलसरपणा असेल तर तो घाम. रस्त्यात याच दमटपणाला ‘जॅकेट गळतं’ म्हणून उगाच नावं ठेवली जातात.

ग्लव्ह्ज बादलीत मनगटापर्यंत दोन मिनिटं बुडवून बघा. काढताना एकदम खेचू नका. प्रत्येक बोटाचं टोक धरून हळूहळू सैल करा, कारण ओल्या बोटांबरोबर आतलं अस्तर उलटं बाहेर आलं की ते पुन्हा जागी बसवणं महाकठीण.

हेल्मेट आणि काच

नवं हेल्मेट घरात सलग अर्धा तास घालून बसा. कपाळावर एकाच ठिकाणी लाल ठसा आणि ठणका असेल तर आकार चुकला आहे. गाल दाबले जाणं मात्र नव्या हेल्मेटमध्ये ठीकच, ते पॅड पुढे बसतात. पट्टा लावून मागची कड वर-पुढे ढकलली तर हेल्मेट डोक्यावरून निसटता कामा नये.

काचेवर धुकं न धरणारी पिनलॉकसारखी आतली काच मिळाली असेल तर ती आदल्या रात्री बसवा. संरक्षक फिल्म काढा, सिलिकॉनची कड व्हायजरकडे, म्हणजे हेल्मेटच्या बाहेरच्या काचेकडे ठेवा आणि ती कड सगळीकडून टेकली आहे ना ते उजेडात बघा. कुठे फट राहिली तर ओल दोन काचांच्या मध्ये जाऊन बसते, आणि तिथे बोटही पोहोचत नाही. ढिली वाटली तर व्हायजरच्या पिना किंचित फिरवून घट्ट होते. साबण किंवा काच साफ करायचे स्प्रे या आतल्या काचेला लावू नका, मऊ ओलं कापड पुरे. गडद काच लावून निघणार असाल तर साधी काच बरोबर हवीच. पावसाळी संध्याकाळ घड्याळाच्या आधी अंधारते.

अंगावर काय, आणि किती

१० अंश सेल्सिअसच्या हवेत ताशी ८० किलोमीटरचा वारा उघड्या कातडीला साधारण ४ अंशांसारखा झोंबतो. त्यात चढण असेल तर दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश उतरतात. म्हणजे पायथ्याशी २२ अंशांची छान हवा असली, तरी हजार मीटर वर तुम्ही पंधराच्या आसपास आणि वाऱ्यात असता.

म्हणून एक जाड थर घालण्यापेक्षा दोन पातळ थर बरे. अंगालगत घाम ओढून घेणारा पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा थर असावा. सुती बनियन घाम पिते आणि ओलीच राहते, दुपारच्या घामानंतर संध्याकाळी तीच हुडहुडी भरवते. त्यावर पातळ फ्लीस, म्हणजे मऊ, लवदार उबदार कापडाचा थर. हा थर घडी करून दोन मुठींत मावला पाहिजे, नाहीतर ऊन वाढल्यावर ठेवायचा कुठे? गळ्याला नळीसारखा पट्टा म्हणजे नेकट्यूब. वजनाच्या मानाने याच्याइतकी ऊब दुसरं काही देत नाही.

सामान भरताना एकच नियम पाळा: ज्याची गरज घाईत पडेल ते सगळ्यात वर. रेनसूट, कोरडे ग्लव्ह्ज आणि काच पुसायचं कापड बाकीचं काही न उपसता हाताला लागलं पाहिजे. कागदपत्रं आणि फोन बंद होणाऱ्या प्लास्टिक पिशवीत. मोज्यांचा एक जादा जोड आणि पातळ नायट्राइलचे (डॉक्टर वापरतात तसले रबरी) हातमोजे घ्या. ग्लव्ह्ज आतून भिजलेच तर आधी नायट्राइलचे घालून त्यावर ओले चढवायचे. बॅगेचा एकही पट्टा चाकाच्या किंवा चेनच्या दिशेने लोंबू देऊ नका.

गाडीचं थोडक्यात: टायर थंड असताना हवा, टायरच्या नक्षीत २ मिलिमीटरपेक्षा जास्त खोली, सगळे दिवे, आणि चेनला वंगण आदल्या रात्री, म्हणजे ते मुरतं आणि मागच्या टायरवर उडत नाही.

अंदाज वाचायचा कसा

‘पावसाची शक्यता ४० टक्के’ म्हणजे ४० टक्के वेळ पाऊस नव्हे, आणि पाऊस किती जोराचा हेही त्यातून कळत नाही. त्या ठिकाणी त्या अवधीत पाऊस पडण्याची ती शक्यता आहे, इतकंच. जोर पाहायचा तर तासाचे मिलिमीटर बघा. तासाला अडीचपर्यंत हलका, साडेसातच्या वर जोराचा. तिसरी गोष्ट वाऱ्याचे झोत. उघड्या माळावर आणि पुलावर पावसापेक्षा तेच जास्त दमवतात.

अंदाज तीनदा पाहायचा. आदल्या संध्याकाळी जायचं की नाही ते ठरवायला, सकाळी कपडे ठरवायला, आणि प्रत्येक थांब्यावर रडारचं चित्र, ढग कुठून कुठे सरकतायत ते बघायला. उन्हाने तापून तयार होणारे ढग दुपारनंतर फुटतात. तेव्हा उंचावरचा, घाटाचा भाग सकाळी उरकावा आणि परतीचा रस्ता सखल, वस्तीचा निवडावा. परत फिरायची वेळ घड्याळाप्रमाणे आधीच ठरवा. ठिकाण गाठलं नाही तरी त्या वेळेला वळायचं.

रस्त्यावर

रेनसूट पहिला थेंब पडल्यावर घालायचा नसतो. समोरून येणाऱ्या गाड्या ओल्या आणि त्यांचे वायपर चालू, पुढचा रस्ता काळा पडलेला, किंवा उकाड्यात अचानक गार वाऱ्याचा झोत आला, की पाऊस काही मिनिटांवर आहे. पुढचा पेट्रोल पंप किंवा आडोसा दिसला की थांबा. उड्डाणपुलाखाली वाहत्या रस्त्यावर थांबू नका. पावसात मागून येणाऱ्या ड्रायव्हरला तिथे कोणी उभं असेल अशी अपेक्षाच नसते. गडगडाट होत असेल तर एकट्या झाडाखाली नाही, पक्क्या इमारतीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

आधी पँट. बुटांवर प्लास्टिकची पिशवी चढवली की पँटचा पाय न अडकता सरकतो. पँटची कड बुटाच्या बाहेर, आत खोचली तर बूट भरतात. मग जॅकेट, हेल्मेट, शेवटी ग्लव्ह्ज. ग्लव्हचा गळा बाहीच्या आत की बाहेर, यावर वाद घालायची गरज नाही, तुमचा हात कसा असतो ते बघा. मनगट कोपरापेक्षा खाली असेल तर बाही ग्लव्हच्या वर, म्हणजे ओघळ बाहेर पडतो. हँडल उंच आणि मनगट वर असेल तर ग्लव्ह बाहीच्या वर.

कोरड्या दिवसांनंतर पावसाची पहिली पंधरा-वीस मिनिटं सर्वात निसरडी. तेल, रबर आणि धूळ यांचा लेप रस्त्यावर तरंगत असतो. शक्य असेल तर ती मिनिटं थांबून काढा. पुढच्या वाहनापासून कोरड्यात दोन सेकंदांचं अंतर ठेवत असाल तर ओल्यात चार. सिग्नलपाशी लेनच्या मधोमध तेल गळलेलं असतं, तिथे चारचाकींच्या चाकांच्या रेषेत चाला. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि पुलांचे सांधे गाडी सरळ ठेवून, ब्रेक न लावता ओलांडा. सलग पावसात मधूनमधून ब्रेक हलकेच टेकवत चला, म्हणजे डिस्क पुसली जाते. हेल्मेटचा वरचा व्हेंट बंद आणि हनुवटीचा उघडा.

थंडीत अंगाआधी बोटं दगा देतात. थांब्यावर अंगठा करंगळीच्या टोकाला लावून बघा. जमत नसेल किंवा चाचपडत असेल तर ब्रेकवरचा ताबाही तितकाच कमी झाला आहे. ऊब येईपर्यंत पुढे जायचं नाही. ऊबदार थर कमी पडला तर जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवा, वारा अडतो.

ऊन पडलं तर पुढचे व्हेंट उघडताना पाठीचेही उघडा, हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर ती आत येत नाही. हवा ३५ अंशांच्या वर गेली की ती कातडीपेक्षाही गरम असते आणि जाळीतून नुसता भट्टीचा वारा येतो. अशा वेळी आतला टी-शर्ट ओला करून व्हेंट थोडेच उघडे ठेवले तर गारवा जास्त वेळ टिकतो. पाऊस थांबून ऊन आलं की रेनसूट लगेच उतरवा, आळस केला तर घामाने आतून भिजाल.

परतल्यावर

चेन पुसा आणि ती कोमट असतानाच वंगण द्या. गिअर आणि ब्रेक पेडलचे जे बोल्ट हलवले होते ते पुन्हा तपासा, पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरच्या थरथरीत त्यांना ढिलं व्हायची सवय असते.

जॅकेट रुंद हँगरवर, सावलीत, सगळ्या झिप उघड्या ठेवून वाळवा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि दोन-तीन तासांनी बदला. हीटरसमोर किंवा कडक उन्हात चामडं कडकतं, तडे जातात. मेंब्रेनचे कपडे धुताना कम्फर्टसारखं कापड मऊ करणारं द्रव कधीच नको, त्याने पाणी ओघळून टाकणारा बाहेरचा लेप निकामी होतो. सौम्य द्रव साबण, ३० अंशांचं पाणी, झिप बंद आणि दोनदा खळबळणं. पुढे काही महिन्यांनी पाण्याचे थेंब कापडावरून घरंगळायचे थांबले, तर लेबलवर परवानगी असल्यास ड्रायरची मंद ऊब द्या, लेप बऱ्यापैकी जागा होतो. धुण्याआधी काढलेले पॅड परत बसवताना डावं-उजवं आणि वरची बाजू पाहून घ्या, आणि गुडघ्याचा पॅड ज्या उंचीच्या खिशात जुळवला होता त्याच खिशात जाऊ द्या.